इंग्लंडमधील मॅनर व पॅरिश : मालकीहक्काच्या इतिहासाचे स्वरूप, साधने आणि महत्त्व

प्रस्तावना

इंग्लंडच्या स्थानिक इतिहासलेखनात 'मॅनर' आणि 'पॅरिश' हे दोन शब्द वारंवार येतात. एखाद्या काउंटीचा इतिहास उघडला असता प्रत्येक गावाच्या प्रकरणात त्या गावातील मॅनर कोणत्या घराण्याकडून कोणत्या घराण्याकडे गेले, कोणत्या वर्षी गेले आणि कोणत्या कारणाने गेले याचा तपशीलवार वृत्तान्त आढळतो. वरवर पाहता हा सरदार घराण्यांच्या वंशावळींचा रुक्ष संग्रह वाटतो. सामाजिक इतिहासाचा अभ्यासक त्याकडे पाठ फिरवितो आणि सामान्य वाचक ती पाने उलटून पुढे जातो.

या दुर्लक्षाचे मूळ एका गैरसमजात आहे. मालकी म्हणजे जमिनीची मालकी, असे आजचा वाचक गृहीत धरतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये मात्र मालकी ही प्रामुख्याने हक्कांची होती. जमीन एका ठिकाणी स्थिर असे. तिच्याशी निगडित हक्क विभागले जात, विकले जात, वारशाने जात आणि कित्येकदा जमिनीपासून पूर्णपणे वेगळेही होत. हे हक्क आणि त्यांच्यासोबत येणारी दायित्वे किती चिवट असतात, याचा प्रत्यय एकविसाव्या शतकातही इंग्लंडमधील जमीनधारकांना आला आहे. प्रस्तुत लेखात मॅनर व पॅरिश या संकल्पना, त्यांच्या मालकीच्या इतिहासाची साधने, हक्कांच्या हस्तांतरणाचे मार्ग आणि या इतिहासाचे आजचे महत्त्व यांचे विवेचन केले आहे.

मॅनर आणि पॅरिश : संकल्पनाभेद

मॅनर म्हणजे गाव नव्हे आणि केवळ जमिनीचा तुकडाही नव्हे. मॅनर हे एका लॉर्डच्या अधिकाराखालील हक्कांचे एकक होते. त्यात सामान्यतः तीन घटक असत. पहिला घटक म्हणजे लॉर्डची स्वतःच्या कसणुकीखालील खासगत जमीन. दुसरा, ठरावीक खंड वा सेवा देऊन जमीन धारण करणारी मुक्त कुळे. तिसरा, लॉर्डच्या शेतावर राबण्यास बांधलेली अमुक्त कुळे. यांचेच वंशज पुढे 'कॉपीहोल्ड' धारक झाले. या सर्वांना एकत्र बांधणारी संस्था म्हणजे मॅनरचे न्यायालय. न्यायालय भरविण्याइतकी, म्हणजे किमान दोन, मुक्त कुळे उरली नाहीत तर कायद्याच्या दृष्टीने ते मॅनर केवळ नाममात्र मॅनर ठरे. यावरून मॅनरचा प्राण जमिनीत नसून धारकांशी असलेल्या नात्यात होता, हे स्पष्ट होते. मराठी वाचकाला वतन या संकल्पनेच्या आधारे हे समजणे सोपे जाईल. दोन्हींची घडण भिन्न असली तरी वतन म्हणजे जसे केवळ शेत नव्हे, तर हक्क, मान आणि कर्तव्ये यांचा समुच्चय, तसेच काहीसे मॅनरचे होते.

पॅरिश हे मूलतः चर्चचे एकक होय. एका चर्चच्या धर्मगुरूकडे ज्या प्रदेशातील लोकांच्या आध्यात्मिक सेवेची जबाबदारी आणि ज्या प्रदेशातून 'टाइद', म्हणजे उत्पन्नाचा दशांश, घेण्याचा हक्क असे, तो प्रदेश म्हणजे पॅरिश. सोळाव्या शतकापासून त्याला मुलकी कामेही चिकटली. १५३८ मध्ये टॉमस क्रॉमवेलच्या आदेशाने प्रत्येक पॅरिशमध्ये बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवणे सक्तीचे झाले. १६०१ च्या गरीब कायद्याने निर्धनांच्या पोषणाचा भार पॅरिशवर टाकला. १८९४ च्या स्थानिक शासन कायद्याने मुलकी पॅरिशला निर्वाचित परिषद मिळाली.

या दोन एककांच्या सीमा एकरूप असतीलच असे नाही, ही बाब अभ्यासकाने आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. एका पॅरिशमध्ये तीन-चार मॅनर असू शकतात आणि एखादे मॅनर दोन-तीन पॅरिशमध्ये पसरलेले असू शकते. म्हणूनच 'हे गाव कोणाचे होते?' या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर नसते.

अभ्यासाची साधने

मॅनरच्या इतिहासाचा प्रारंभबिंदू बहुधा 'डूम्सडे बुक' हा असतो. १०८५ च्या नाताळात ग्लॉस्टर येथे पहिल्या विल्यमने या पाहणीचा निर्णय घेतला आणि १०८६ मध्ये ती पार पडली. तिचे वैशिष्ट्य असे की, प्रत्येक ठिकाणाविषयी १०६६ मध्ये, म्हणजे एडवर्ड द कन्फेसरच्या काळात, धारक कोण होता आणि १०८६ मध्ये कोण आहे, या दोन्ही गोष्टी तीत नोंदविल्या आहेत. नॉर्मन विजयानंतरच्या वीस वर्षांत झालेले मालकीचे प्रचंड स्थित्यंतर त्यामुळे गावनिहाय दिसते. अर्थात ही नोंद सर्वव्यापी नाही. लंडन व विंचेस्टर ही शहरे, तसेच नॉर्थंबरलंड व डरम हे उत्तरेकडील प्रदेश तीत आलेले नाहीत.

यानंतरच्या काळासाठी चार प्रकारची कागदपत्रे विशेष उपयुक्त ठरतात. पहिला प्रकार मृत्यूनंतरच्या चौकशीचा. राजाकडून थेट जमीन धारण करणारी व्यक्ती मरण पावली म्हणजे राजाचा अधिकारी स्थानिक ज्युरींना बोलावून काही ठरावीक प्रश्न विचारी : मृताकडे कोणती मॅनर होती, ती कोणाकडून व कोणत्या सेवेच्या बदल्यात धारण केली होती, त्यांचे वार्षिक मूल्य काय, मृत्यू कोणत्या दिवशी झाला, वारस कोण आणि त्याचे वय काय. वारस अज्ञान असेल तर त्याचे पालकत्व व त्या काळातील उत्पन्न राजाकडे जाई. राजाला वयाची उत्सुकता होती ती यासाठी. महसुलाच्या लोभातून निर्माण झालेली ही नोंद आज वंशपरंपरा निश्चित करण्याचे भरवशाचे साधन बनली आहे. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशा चौकश्यांची मालिका आढळते.

दुसरा प्रकार 'फाइन' या नावाच्या दस्तांचा. खरेदीदार विक्रेत्याविरुद्ध लुटुपुटीचा दावा लावी आणि उभयतांत तडजोड झाल्याचे न्यायालयात लिहून घेतले जाई. एकाच चर्मपत्रावर हा मजकूर तीनदा लिहीत व नागमोडी रेषेत कापून दोन भाग पक्षकारांना देत. तळाचा भाग न्यायालयात राही. ११९५ पासून हे तळभाग सलगपणे जतन झाले आहेत. १८३३ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली. कापलेल्या कडा परस्परांशी जुळल्या तरच दस्त खरा, ही खातरजमेची रीत साधी परंतु परिणामकारक होती.

तिसरा प्रकार मॅनरच्या न्यायालयाच्या गुंडाळ्यांचा. कुळाने जमीन सोडणे, नव्या कुळाला ती देणे, प्रवेशशुल्क घेणे, मृत कुळाच्या घरातील उत्तम जनावर लॉर्डने घेणे इत्यादी व्यवहार त्यांत नोंदविले जात. कुळाच्या हाती पुरावा म्हणून या नोंदीची नक्कल असे. 'कॉपीहोल्ड' हे नाव त्यावरूनच पडले. १७३३ पर्यंत या नोंदी प्रायः लॅटिनमध्ये होत्या. चौथा प्रकार चर्चच्या मालमत्तेविषयीच्या कागदांचा. १५३५ मध्ये आठव्या हेन्रीच्या आज्ञेने चर्चच्या उत्पन्नाची देशव्यापी पाहणी झाली, तर १८३६ च्या टाइद रूपांतरण कायद्यानंतर हजारो पॅरिशांचे नकाशे व धारकांच्या याद्या तयार झाल्या.

हस्तांतरणाचे मार्ग

मॅनर एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याचे मार्ग मर्यादित होते. मात्र प्रत्येक मार्गाने मागे वेगळी खूण ठेवली.

वारसा हा सर्वांत सामान्य मार्ग. सामान्यतः ज्येष्ठ पुत्र संपूर्ण मॅनरचा वारस होई. पुत्र नसल्यास कन्यांना समान वाटे मिळत आणि मॅनरचे अर्धे, तृतीयांश असे अंश होत. हे अंश पुढे कित्येक पिढ्या वेगवेगळ्या घराण्यांत फिरत राहत व कधी खरेदीने पुन्हा एकत्र येत. कन्येच्या विवाहामुळे मॅनर दुसऱ्या आडनावाकडे जाई, तरी गावाच्या नावात जुन्या धारकाचे आडनाव टिकून राही. लेस्टरशरमधील मेल्टन मोब्रे, बकिंगहॅमशरमधील स्टोक मँडव्हिल ही नावे अशा धारकांची स्मृती आजही वाहत आहेत.

दुसरा मार्ग उपधारणेचा. लॉर्डने आपल्या मॅनरचा भाग दुसऱ्यास सेवेच्या अटीवर देऊन स्वतः त्याचा वरिष्ठ लॉर्ड राहावे, अशी ही पद्धत होती. यातून धारकांची शिडी वाढत गेली आणि वरच्या लॉर्डांचे उत्पन्न बुडू लागले. म्हणून १२९० मध्ये पहिल्या एडवर्डच्या काळात 'क्विया एम्प्टोरेस' हा कायदा करण्यात आला. यापुढे जमीन विकणारा मधून निघून जाईल आणि खरेदीदार थेट त्याच्या वरच्या लॉर्डचा धारक होईल, असे त्याने ठरविले. या कायद्याचा दूरगामी परिणाम असा की, १२९० नंतर नवे मॅनर निर्माण होऊ शकत नाही असे कायदेपंडितांनी मानले. त्यामुळे आज अस्तित्वात असलेल्या मॅनरचा हक्क सिद्ध करायचा झाल्यास धागा तेराव्या शतकापर्यंत मागे न्यावा लागतो.

तिसरा मार्ग राजाज्ञेचा. राजद्रोहाच्या आरोपावरून मॅनर जप्त होत व राजाच्या कृपापात्रांना दिली जात. या मार्गाचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे १५३६ ते १५४० या काळातील मठांचे विसर्जन. शतकानुशतके मठांकडे असलेली मॅनर प्रथम राजाकडे आली आणि त्यांतील पुष्कळशी अल्पावधीतच दरबारी, वकील, व्यापारी व स्थानिक जमीनदार यांच्या हाती गेली.

पॅरिशच्या हक्कांचे खासगीकरण

मठांच्या विसर्जनाचा परिणाम मॅनरपुरता मर्यादित नव्हता. पॅरिशशी निगडित हक्कांवर त्याचा झालेला परिणाम तुलनेने कमी चर्चिला जातो.

पॅरिशच्या चर्चवर धर्मगुरूची नेमणूक सुचविण्याचा हक्क हा मालमत्तेचाच एक प्रकार होता. तो बहुधा चर्च बांधणाऱ्या लॉर्डच्या घराण्यात असे. मात्र तो मॅनरपासून वेगळा करून विकता वा दान देता येई. मध्ययुगात अनेक लॉर्डांनी तो मठांना दिला. मग मठ स्वतःच त्या पॅरिशचा 'रेक्टर' बने, धान्य, गवत व लाकूड यांचा मोठा टाइद स्वतः घेई आणि लहान टाइदवर निर्वाह करणारा 'व्हिकर' तेथे नेमी. या उत्पन्नासोबत एक दायित्वही येत असे : चर्चच्या पूर्वेकडील, वेदीच्या भागाची डागडुजी रेक्टरने करावी आणि उपासकांच्या बाजूची डागडुजी पॅरिशच्या लोकांनी करावी, असा दंडक होता.

मठ विसर्जित झाल्यावर हे रेक्टरपदही राजाकडून खासगी व्यक्तींकडे गेले. धर्मदीक्षा नसलेला गृहस्थ टाइदचा मालक झाला. त्याला 'लौकिक रेक्टर' म्हणत. उत्पन्न त्याच्याकडे गेले, तसेच डागडुजीचे दायित्वही गेले. पुढे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत सामाईक शेतांना कुंपणे घालणारे कायदे झाले, तेव्हा अनेक ठिकाणी टाइद रद्द करून त्याच्या मोबदल्यात रेक्टरला जमीन देण्यात आली. दायित्व आता त्या जमिनीला चिकटले. मूळ कारण असलेला टाइद नाहीसा झाला, पण त्याची सावली जमिनीवर राहिली.

ॲस्टन कँटलो : एक दृष्टान्त

वॉरिकशरमधील ॲस्टन कँटलो या पॅरिशचा इतिहास वरील विवेचन मूर्त करून दाखवितो. डूम्सडे बुकानुसार येथील मॅनर नॉर्मन विजयापूर्वी अर्ल एल्फगारकडे होते आणि १०८६ मध्ये ते ऑस्बर्न फिट्झ रिचर्डकडे होते. तेराव्या शतकाच्या आरंभी जॉन राजाने ते विल्यम द कँटिलूप याला दिले. गावाच्या नावातील 'कँटलो' हे या घराण्याच्या नावाचेच रूप होय. १२७३ मध्ये जॉर्ज द कँटिलूप निपुत्रिक वारला आणि त्याच्या बहिणीच्या विवाहामुळे मॅनर हेस्टिंग्ज घराण्याकडे गेले. पुढे ते बर्गव्हेनीच्या लॉर्डांकडे आले. शेक्सपिअरच्या मातुल घराण्याचे, म्हणजे आर्डन कुटुंबाचे, विल्मकोट हे गाव याच पॅरिशमध्ये होते.

ही झाली मॅनरची परंपरा. रेक्टरपदाची परंपरा मात्र निराळ्या वाटेने गेली. १७४३ मध्ये येथील सामाईक शेतांना कुंपणे घालण्यात आली, तेव्हा टाइदच्या मोबदल्यात लौकिक रेक्टर लॉर्ड ब्रुक यांना जमीन देण्यात आली. तीतील एक शेत पुढे अनेक हातांतून फिरत विसाव्या शतकात एका शेतकरी दाम्पत्याकडे आले. १९९० च्या दशकात पॅरिशच्या चर्च परिषदेने या दाम्पत्याकडे वेदीच्या भागाच्या डागडुजीसाठी सुमारे ९५ हजार पौंडांची मागणी केली. दाम्पत्याने मानवी हक्क कायद्याचा आधार घेतला. अपील न्यायालयाने २००१ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. परंतु २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फिरविला. अशी डागडुजी करवून घेताना चर्च परिषद सार्वजनिक सत्ता म्हणून वागत नसून खासगी हक्क बजावीत आहे आणि जमिनीसोबत आलेले दायित्व मालकाला चुकविता येत नाही, असे ठरले. दरम्यान डागडुजीचा खर्च वाढला होता. २००७ मध्ये देय रक्कम १ लाख ८६ हजार पौंडांहून अधिक ठरली. दीर्घ दाव्याचा खर्च वेगळाच.

या एका प्रकरणात दोन गोष्टी स्पष्ट होतात. एकाच गावातील मॅनर आणि रेक्टरपद यांच्या मालकीच्या रेषा स्वतंत्र असतात. एक रेषा तपासून दुसरीविषयी अनुमान काढता येत नाही. आणि २६० वर्षांपूर्वीचा दस्त हा केवळ अभिलेखागारातील जीर्ण कागद नसून एखाद्या कुटुंबाचे भवितव्य ठरविणारा जिवंत पुरावा असू शकतो.

विसाव्या व एकविसाव्या शतकांतील कायदे

१९२२ च्या मालमत्ता कायद्यानुसार १ जानेवारी १९२६ पासून कॉपीहोल्ड पद्धत संपुष्टात आली आणि कुळे जमिनीची पूर्ण मालक झाली. तथापि खनिजे, शिकार, जत्रा व बाजार यांविषयीचे लॉर्डचे हक्क राखून ठेवण्यात आले. लॉर्डपदही टिकले, जमिनीचा एक इंचही नसताना ते विकता येऊ लागले. १९९६ मध्ये विम्बल्डनच्या मॅनरचे लॉर्डपद १ लाख ७१ हजार पौंडांना विकले गेले. त्यामुळे खरेदीदार उमराव होत नाही. त्याला केवळ 'मॅनरचा लॉर्ड' म्हणवून घेता येते. याच काळात मॅनरचे जुने कागद नष्ट होऊ नयेत म्हणून ते कायद्याच्या संरक्षणाखाली आणले गेले व त्यांची स्वतंत्र नोंदवही सुरू झाली.

२००२ च्या भूनोंदणी कायद्याने या अदृश्य हक्कांना उजेडात आणले. मॅनरविषयक हक्क आणि वेदीच्या डागडुजीचे दायित्व यांची नोंद १३ ऑक्टोबर २०१३ पूर्वी करावी, अन्यथा मोबदला देऊन जमीन घेणाऱ्या नव्या खरेदीदारावर ते बंधनकारक राहण्याची हमी नाही, अशी तरतूद झाली. मुदत संपत आली तशी नोंदणीसाठी धावपळ झाली आणि अनेक घरमालकांना आपल्या घराखालील खनिजांवर कोणा लॉर्डचा दावा असल्याची सूचना प्रथमच मिळाली. त्यातून उद्भवलेल्या अस्वस्थतेची दखल घेऊन हाउस ऑफ कॉमन्सच्या न्यायविषयक समितीने जानेवारी २०१५ मध्ये मॅनरविषयक हक्कांवर अहवाल प्रसिद्ध केला.

काउंटी इतिहासाची परंपरा आणि तिच्या मर्यादा

मालकीचा इतिहास लिहिण्याची परंपरा इंग्लंडमध्ये जुनी आहे. विल्यम लँबार्डचा केंटविषयक ग्रंथ १५७६ मध्ये, विल्यम डग्डेलचा वॉरिकशरविषयक ग्रंथ १६५६ मध्ये आणि रॉबर्ट थोरोटनचा नॉटिंगहॅमशरविषयक ग्रंथ १६७७ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथांचा वाचक मुख्यतः जमीनदारच असल्याने घराण्यांची प्रतिष्ठा हा त्यांचा केंद्रबिंदू होता. १८९९ मध्ये 'व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी' हा प्रकल्प सुरू झाला व १९३३ पासून तो लंडन विद्यापीठाच्या इतिहास संशोधन संस्थेकडे आहे. त्यात प्रत्येक पॅरिशसाठी मॅनर, अर्थव्यवस्था, चर्च, धर्मादाय संस्था असे ठरावीक विभाग असून प्रत्येक विधानाला मूळ कागदाचा आधार दिला जातो.

तरीही या इतिहासाच्या मर्यादा विसरता येत नाहीत. राजाला व न्यायालयाला ज्यांच्याशी कर्तव्य होते त्यांचीच नोंद झाली. शेत कसणारा मजूर, पोटकूळ, विवाहित स्त्री यांची नावे क्वचितच येतात. मॅनरच्या गुंडाळ्यांत कुळे दिसतात, पण तीही शुल्क किंवा दंड भरताना. म्हणून लॉर्डांची परंपरा हा गावाच्या इतिहासाचा सांगाडा मानावा, संपूर्ण देह नव्हे. न्यायालयाच्या गुंडाळ्या, पॅरिशच्या नोंदी व टाइदचे नकाशे यांच्या साहाय्याने त्यात प्राण भरावा लागतो.

समारोप

मॅनर आणि पॅरिश यांच्या मालकीचा इतिहास हा जमिनीपेक्षा हक्कांचा इतिहास आहे. हक्क जमिनीपासून सुटे होतात, स्वतंत्रपणे प्रवास करतात आणि त्यांचे मूळ प्रयोजन संपल्यावरही टिकून राहतात. म्हणून अभ्यासकाने 'हे गाव कोणाचे?' असे न विचारता 'या गावातील कोणता हक्क, कोणत्या काळी, कोणाकडे आणि कोणत्या दायित्वासह होता?' असे विचारले पाहिजे. काउंटी इतिहासातील रुक्ष वाटणारी पाने याच प्रश्नाचे उत्तर देतात. ॲस्टन कँटलोच्या दाम्पत्याला त्या उत्तराची किंमत पौंडांत मोजावी लागली. इतर वाचकांना ती थोड्या चिकाटीने वाचून समजून घेता येते.